तिसऱ्या ओळीतली पाचवी

"तुमच्या पुस्तकात काय म्हटलंय ते मागनं सांगा सर. आधी नुसतं बघा," असं म्हणून आबा इंगवल्यांनी टेबलावर वर्तमानपत्राचे दोन तुकडे पसरले आणि दोन डब्यांतून त्यांवर थोडी थोडी दारू ओतली.

डावीकडची बारीक होती, काळसर, खसखशीसारखी. उजवीकडची भरड, करड्या रंगाची, लापशीच्या रव्यासारखी.

"इंगवले, जरा थांबा," सबनीस वकील म्हणाले. ते आमच्या रायफल क्लबचे सचिव. आयुष्यात त्यांनी बंदूक चालवली नव्हती, पण इतिवृत्त मात्र अचूक लिहीत. "आजच्या सभेचा विषय काय लिहू? 'दारूची निवड'? हे कागद धर्मादाय आयुक्तांकडे जातात हो."

"काडतुसाचं सामान लिहा की," इंदू म्हणाली.

"सामान लिहिलं तर ते विचारतील, कसलं सामान."

शेवटी 'क्रीडासाहित्याचा दर्जा' असा विषय लिहिला गेला आणि सभा सुरू झाली. सभेला आम्ही चौघं होतो. नगरपालिकेनं फिनेलच्या डब्यांसाठी बांधलेली आणि मग विसरून गेलेली एक पत्र्याची खोली क्लबला मिळाली होती. आमचे सगळे महत्त्वाचे निर्णय फिनेलच्या वासात झाले. तो वास नाकात गेला की मला अजून एखाद्या ठरावाला अनुमोदन द्यावंसं वाटतं.

आबा इंगवले फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त केली होती. बाहेरून काडतुसं मिळणं तेव्हा दुरापास्त होतं, म्हणून क्लबनं खटपट करून ती भरायची परवानगी मिळवली होती, आणि भरायचे आबा. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, साफ करायची, बुडात नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर शिसं दाबायचं. हे काम ते देवपूजा करावी तसं करत, म्हणजे आंघोळ करून आणि तोंड मिटून.

इंदू, इंदुमती पवार, मुलींच्या शाळेत व्यायामाची बाई होती. वय चोवीस. जिल्ह्यात तिच्याइतका स्थिर हात दुसरा नव्हता. आदल्या वर्षी पुण्याच्या स्पर्धेत लोखंडी पाट्या पाडायच्या होत्या, पाच. इंदूनं पाचही टिपल्या. तीन पडल्या. दोन हलल्या आणि उभ्या राहिल्या.

"नमस्कार केला हो त्यांनी मला," ती सांगायची. "अशा वाकल्या आणि परत सरळ. पंच म्हणतो, पडली नाही म्हणजे लागली नाही."

आमची काडतुसं हलकी होती. क्लबचं रिव्हॉल्व्हर जाडजूड, जोराच्या काडतुसासाठीच घडवलेलं. आम्हीच त्या पैलवानाला वर्षानुवर्षं पेज पाजत होतो. यंदा जोराची काडतुसं भरायची, पाट्या आडव्या करायच्या, हे ठरलं होतं. दारू कुठली, एवढंच ठरायचं होतं. आणि क्लबमध्ये रसायनशास्त्राचा एम.एस्सी. एकच होता. तो मी. सव्वीस वर्षांचा, कॉलेजात तात्पुरता अधिव्याख्याता, क्लबचा सहसचिव.

मी आलेख काढून आणला होता. तो टेबलावर उलगडला तेव्हा त्याच्या कडेनं दोन्ही ढीग झाकले गेले.

"बारीक," मी म्हणालो. "चिमूटभर पुरते. नळीतच सगळी जळते. काजळी नाही, भडका नाही, हाताला हिसका कमी. भरड वापरली तर पुंगळी भरून घालावी लागेल आणि तोंडाशी वीतभर जाळ निघेल."

"आबा, तुमचं काय?" सबनिसांनी विचारलं.

"भरड घ्या."

"कारण?"

आबांनी कारण शोधायला थोडा वेळ घेतला. तीस वर्षांत त्यांना कुणी कारण विचारलं नसावं. "पोट भरतं तिनं पुंगळीचं."

"म्हणजे?"

"म्हंजे काठापत्तुर येती. डोळ्याला दिसती."

"दिसून काय करायचंय आबा?" मी म्हणालो. "दारू उडवायची असते, बघत बसायची नसते."

सबनीस हसले. इंदू हसली. आबाही हसले, वरच्या अधिकाऱ्यानं विनोद केला की फौजेत हसतात तेवढंच.

"सर, बारकीनं हात खरंच कमी उडतो?" इंदूनं विचारलं.

"निम्म्यानं," मी म्हणालो. हा आकडा आलेखात नव्हता.

"मग बारीकच."

आबांनी भरड दारूचा कागद उचलला, त्याची पन्हळ केली आणि एकही कण न सांडता ती डब्यात परत घातली. झाकण लावलं. मग म्हणाले, "ठीक हाय. शिकल्याली माणसं सांगत्याती. पर माझी एक अट. भरताना खोलीत कुणी बोलायचं न्हाई. कुणी बोललं, का समदं वतून पयल्यापासनं."

"मंजूर," सबनीस म्हणाले आणि त्यांनी ते इतिवृत्तात लिहिलंसुद्धा.

*

आबांची भरायची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सागवानाचा एक ठोकळा होता. त्यात भोकं, दहाची एक ओळ, अशा पाच ओळी. पन्नास पुंगळ्या त्यात तोंड वर करून उभ्या करायच्या. मग मापाची पळी. ती त्यांनी एका छोट्या पुंगळीला तारेची दांडी डाखून स्वतः केली होती. बारीक दारूसाठी पळी नवी केली, बोटाच्या पेराएवढी. पळी बुडवायची, वरून खेळातल्या पत्त्यानं सपाट करायची, पुंगळीत रिकामी करायची, काठावर टिचकी मारायची, पुढची. पन्नास झाल्या की बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकवायचं. मग शिसं. आणि मग ठोकळ्यात ज्या क्रमानं उभ्या होत्या त्याच क्रमानं खोक्यात.

"क्रम कशाला आबा?" मी एकदा विचारलं होतं. "काडतूस ते काडतूस."

"आसू द्या की. काय झालंच तर कुठलं ते कळतं."

आणखी एक रीत होती. भरलेल्या खोक्यातली पहिली सहा आबा स्वतः झाडत. भरील त्यानं आधी झाडायचं. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी आपला हात पुढं.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मी सायकल मारत खोलीवर आलो. खिशात कॉलेजचा आदेश होता. तीन वर्षं दर जूनमध्ये मला ठेवायचं की नाही यावर प्राचार्य चिंतन करत. त्या दिवशी मी कायम झालो होतो. घरी सांगितलं होतं. पेढे घेतले होते. आता ज्याला सांगायचं उरलं असं गावात कुणी नव्हतं, म्हणून आबा.

ते खिडकीपाशी बनियनवर बसले होते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ठोकळ्यातल्या पुंगळ्यांवर ऊन पडून त्या चमकत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "आबा, पेढे!"

त्यांनी डावा हात वर केला. थांबा.

मी आवाज खाली आणला. प्राध्यापकानं आवाज खाली आणणं आणि गप्प बसणं यांत फरक आहे. प्राचार्यांनी कसं बोलावलं, लिपिक कसा हसत होता, आदेशावर सही हिरव्या शाईनं कशी केली होती, हे सगळं मी सांगितलं. आबांना तोंडावर गप्प राहा म्हणणं जमेना. मी सर होतो. "ब्येस झालं," ते म्हणाले. पळी, पत्ता, टिचकी. "लई ब्येस झालं." पळी, पत्ता. "आईला सांगितलं न्हवं?"

"सांगितलं की. रडायलाच लागली."

"रडनारच." टिचकी.

आणि मग त्यांचा हात हवेत थांबला.

"कुठवर आलो हुतो?"

मी खिडकीपाशी उभा होतो. आबांनी ठोकळ्याकडे बघितलं. पन्नास पितळी तोंडं, सगळी सारखी. त्यांनी पळी खाली ठेवली, पहिली पुंगळी दोन बोटांत धरून उचलली आणि डब्यावर वाकडी करायला लागले.

अर्ध्या तासाचं काम माझ्यामुळं फुकट जाणार होतं. आनंदाच्या दिवशी असा ठपका कुणाला आवडतो?

"अहो थांबा, थांबा," मी म्हणालो. "मी बघत होतो ना. तिसऱ्या ओळीतली चौथी झाली. पाचवीपासून धरा."

आबांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पहिली पुंगळी जागेवर ठेवली, पळी उचलली आणि पाचवीपासून धरली.

पुढं मी गप्प बसलो. पन्नास झाल्यावर त्यांनी बॅटरी लावून एकेकीत बघितलं. सगळ्यांच्या तळाशी काळोख होता. जसा असायला हवा तसा. मग आम्ही पेढे खाल्ले.

*

शनिवारी सकाळी खाणीत. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती, तीन बाजूंनी कडा. तीच आमची रेंज. लोहाराकडून पाच पाट्या करून आणल्या होत्या, पुण्याच्या पाट्यांपेक्षा जाड. सबनीस छत्री घेऊन आले होते. मी फळी आणि पॅड घेऊन गुणलेखक. मला मोजायचं काम द्यायचे, शिकलेला म्हणून.

आधी आबांनी सहा झाडली. हात सरळ, चेहऱ्यावर काही नाही. पाच पाट्या पडल्या, सहावी गोळी त्यांनी उगाच मातीत मारली. "ठीक हाय," म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर उघडून, रिकामं दाखवून, इंदूच्या हातात दिलं.

इंदूनं खोक्यातून ओळीनं सहा उचलली. आबांनी तिला तशीच सवय लावली होती, मधलं काडतूस उचलायचं नाही. पहिली पाटी अशी आडवी झाली की धूळ उडाली.

"बसला नमस्कार!" ती ओरडली.

"बोलू नगंस. मार."

सहा. परत सहा. परत सहा. मी पॅडवर रेघा मारत होतो. आबांच्या धरून चोवीस. इंदूचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झाला होता. चौथ्यांदा भरताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, खरंच हिसका नाही हो. तुमच्या आलेखाला हार घालायला पाहिजे."

मग ती वळली, हात लांब केला, उजवा डोळा रेषेत आणला.

तो आवाज वेगळा होता. मोठा म्हणत नाही मी. वेगळा. खाणीच्या कड्यानं तो परत दिला तेव्हासुद्धा तो दुसऱ्याच कशाचा तरी वाटला. रिव्हॉल्व्हरचं सहा घरांचं चक्र वरच्या बाजूनं नव्हतंच. इंदू उभी होती. तिनं ते खाली टाकलं नाही. आबांनी शिकवलं होतं, हत्यार कधी टाकायचं नाही. तसंच हातात धरून ती म्हणाली, "आबा, मला बघा हो काय झालं."

डोळ्यावर काच लावायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती.

आबांनी तिला हातांवर उचललं आणि सबनिसांच्या मोटारीकडे पळत गेले. साठी ओलांडलेला माणूस. मी फळी घेऊन मागं पळालो. फळी का घेतली, माहीत नाही.

उजवा डोळा गेला.

*

रविवारी कॉलेजची प्रयोगशाळा उघडून मी एकटा बसलो. दोन्ही डबे पोलिसांनी पंचनाम्यानंतर क्लबच्या ताब्यात दिले होते आणि तांत्रिक बाब म्हणून सबनिसांनी ते माझ्याकडे पाठवले होते, दोन्ही पळ्यांसकट.

मी एक रिकामी पुंगळी घेतली. बारीक दारूची एक पळी घातली. बॅटरी लावून आत बघितलं. तळाशी काळोख. त्याच पुंगळीत दुसरी पळी घातली. परत बघितलं. तळाशी काळोख. थोडा वर आला असेल; दोन पुंगळ्या शेजारी धरून, मान तिरपी करून बघितलं तर कळला असता. पन्नासात एकच असेल तर नाही.

मग पुंगळी रिकामी केली आणि भरड घेतली, जुन्या मोठ्या पळीनं. एक पळी. पुंगळी काठाच्या जरा खालपर्यंत भरली. नुसत्या डोळ्यांना दिसत होती, बॅटरी नको, चष्मा नको. दुसरी पळी घालायला गेलो तर ती वरून वाहिली. टेबलावर, माझ्या बोटांवर, फरशीवर. करडे कण घरंगळत गेले. एक पळी जादा पडली तर भरड दारू आंधळ्यालाही सांगते. बारीक गिळून टाकते आणि काही बोलत नाही.

डोळ्याला दिसती.

पोस्टकार्डानं ते कण गोळा करायला मला बराच वेळ लागला. मग मी पॅड काढलं. चोवीस रेघा, आणि पंचविसाव्या घरात काही नाही. ठोकळ्याचा क्रम तो खोक्याचा क्रम, खोक्याचा क्रम तो झाडायचा क्रम. दोन ओळींच्या वीस. तिसऱ्या ओळीतली पाचवी म्हणजे पंचविसावी.

हा हिशेब चौथीतल्या मुलाला येतो. मी तो तीन वेळा केला.

गुरुवारी मी ठोकळ्याकडे बघत नव्हतो. मी खिडकीच्या उजेडात आदेश धरून त्यावरचं माझं नाव वाचत होतो. चौथी झाली की पाचवी, मला माहीत नव्हतं. चौथी ही मी अशीच म्हणालो, वर्गात एखाद्या मुलानं अडचणीचा प्रश्न विचारला की उत्तर ठोकून देतो तशी. आवाजात खात्री असली की उत्तर निम्मं बरोबर असतं, असं आमच्या पेशात मानतात.

*

मंगळवारी फिनेलच्या वासात चौकशी समिती बसली. अध्यक्ष सबनीस. दुसरे सदस्य पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ते बराच वेळ पेंगत होते. तांत्रिक सदस्य मी. असा एकच एम.एस्सी. होता ना.

समोरच्या स्टुलावर आबा. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हात गुडघ्यांवर. प्रश्न सबनिसांनी टंकलिखित करून आणले होते. तांत्रिक प्रश्न तांत्रिक सदस्यानं विचारायचे, अशी रीतसर विभागणी होती.

"पळी तुम्ही स्वतः केलेली होती काय?" मी वाचलं.

"व्हय."

"काडतुसं भरण्याचं काम तुम्ही एकट्यानेच केलं काय?"

"व्हय."

"भरल्यावर प्रत्येक पुंगळी तपासली काय?"

"व्हय. बॅटरीनं."

पुढचा प्रश्न सातवा. तो मी मनात आधी वाचला. कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला. तेव्हा मी चष्मा फक्त वाचायला लावत असे, त्यावर धूळ नव्हती.

"वाचा ना," सबनीस म्हणाले.

"दारू भरताना काही व्यत्यय आला होता काय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून. गुरुवारी बघितलं होतं तसंच, तेवढाच वेळ. बाहेर कुणीतरी नगरपालिकेच्या नळावर बादली लावली होती, तिचा आवाज भरत भरत वर चढत होता.

मला फक्त तोंड उघडायचं होतं. एवढी वर्षं मी त्याचाच पगार घेतला.

"न्हाई," आबा म्हणाले.

"नाही," सबनिसांनी लिहिलं. "पुढचा."

अहवाल मी लिहिला. 'भरणाऱ्याच्या हातून अनवधानाने एका काडतुसात दुबार दारू पडली असावी.' सबनिसांना भाषा आवडली, विशेषतः 'असावी'. शेवटी एक शिफारसही होती: यापुढं भरड दारूच वापरावी, कारण तीत अशी चूक ताबडतोब दृष्टीस पडते. इतिवृत्तात ती 'तांत्रिक सदस्यांच्या सूचनेवरून' म्हणून नोंदली गेली.

आबांकडून खोलीची किल्ली काढून घेतली. ते आपली पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत मागं गेलो.

"आबा."

"बोला सर."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"पळी कुणाच्या हातात हुती?"

"तुमच्या."

"मग झालं तर." ते चालत राहिले. "नियम म्या केल्याला. म्याच मोडला. तुमी काय, नुस्तं बोलला. बोलायला काय सर, जग बोलतं. वतून टाकायचा हात माझा हुता."

"पण मी नक्की म्हणालो होतो."

आबा थांबले. "व्हय," म्हणाले. "म्हनला हुता."

त्यावर ते आणखी काही म्हणतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांना रस्ता ओलांडायचा होता.

खरं सांगायचं तर घरी जाताना मला हलकं वाटत होतं. आजवर मी ज्या ज्या गोष्टींची लाज बाळगली, त्यांत पहिला क्रमांक त्या हलकेपणाचा आहे.

*

वर्षभरात मी दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेलो. कायम नोकरीतून कायम नोकरीत, मधे एकही दिवस खंड नाही. लग्न झालं, विभागप्रमुख झालो. लोक मला शिस्तीचा माणूस समजतात. दाराला कुलूप लावलं की मी जिना उतरून परत चढतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम घरात मला देत नाहीत. दोन झाल्या की तीन, मला कधी सांगता आलं नाही. चहात साखर घातली की नाही हे आठवेनासं झालं, म्हणून मी बिनसाखरेचाच घेतो. सगळ्यांना वाटतं मधुमेह. मीही तसंच सांगतो.

मुलाखतीला बसलो आणि समोरच्या पोरानं "नक्की सर" म्हटलं, की मी त्याचे गुण कापतो.

आबांची बातमी अधूनमधून येई. पेठेत एका सायकलवाल्याच्या दुकानाबाहेर बसून ते स्टो आणि कुलपं दुरुस्त करत. मग ते गेल्याचं कळलं. मी पत्र लिहायला घेतलं. कुणाला लिहायचं, हे सुचलं नाही.

बावीस वर्षांनी क्लबचं छापील निमंत्रण आलं. वर्धापनदिन, माजी सहसचिव या नात्यानं प्रमुख पाहुणे म्हणून यावं. खाली सचिवांची सही होती: इंदुमती पवार.

कार्यक्रम सहाला होता. मी चारलाच पोचलो. खोली तीच, पत्रा नवा. दार अर्धं उघडं होतं. वास बावीस वर्षांत गेला नव्हता.

इंदू खिडकीपाशी बसली होती. केस कानांवर पांढरे झालेले, उजव्या डोळ्यावर काळी काच असलेला चष्मा. समोर तोच सागवानी ठोकळा, कडा गुळगुळीत झालेल्या. हातात पळी. मोठी, भरड दारूची. जवळजवळ चार ओळी झाल्या असतील. प्रत्येक पुंगळी काठाशी करडी भरलेली, दारातूनसुद्धा दिसत होती.

"इंदू," मी म्हणालो. "ओळखलंस का?"

तिनं डावा हात वर केला.

मी थांबलो. तिनं हातातली पळी पुरी केली, काठावर टिचकी मारली, पळी खाली ठेवली. मग डावा डोळा माझ्याकडे करून नीट बघितलं.

"या सर," ती म्हणाली. "वाळलात. तिकडं जेवायला देत नाहीत वाटतं?"

"देतात. तू डाव्या डोळ्यानं मारतेस म्हणे आता."

"आबांनीच शिकवलं. सायकलच्या दुकानामागं, नुसत्या लाकडाच्या पिस्तुलावर. दोन वर्षं." हे बोलता बोलता तिनं पहिली पुंगळी दोन बोटांत उचलली, डब्यावर वाकडी केली आणि रिकामी केली. मग दुसरी. मग तिसरी.

मी बघत राहिलो. पहिली ओळ संपली, ती दुसरीला लागली.

"अगं, हे काय करतेस? चांगल्या भरल्या होत्यास."

"हो."

"आणि भरड आहे. चुकली तर दिसतेच की."

"दिसते ना. पोरीबाळी येतात, गप्पा मारतात, काही बिघडत नाही. परवा तर ह्या खोलीत एकीचा वाढदिवस झाला, मी मधेच थांबले आणि तिथूनच पुढं भरलं." चौथी ओळ. टक, टक, टक. "भरडीला सगळं चालतं."

"मग ओतलंस कशाला?"

शेवटची पुंगळी तिनं झटकली, रिकामी आहे ना ते बॅटरीनं बघितलं आणि जागेवर ठेवली.

"आबांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "कुणी आलं तर हात थांबवायचा, बोलणं झालं की पुढं चालू. आणि सर आले तर पहिल्यापासनं."

"आणखी काय म्हणाले?"

"एवढंच. मी विचारलं नाही. पॅड तुमचं माझ्याकडंच आहे सर, चौकशीच्या कागदांत राहिलं होतं. चोवीस रेघांचं." तिनं पळी उचलली. दुसऱ्या हातानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. तेच, चौकशीचं. "बसा. फक्त बोलू नका."

मी बसलो. तिनं पळी बुडवली, वरून पत्ता फिरवला, पहिल्या पुंगळीत रिकामी केली. पन्नासावी भरेपर्यंत मी ठोकळ्यावरची नजर हलवली नाही.